अरक्तताजन्य पक्षाघातानंतरचे पूर्वानुमान

अरक्तताजन्य पक्षाघातानंतरचे पूर्वानुमान म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा गुठळीमुळे खंडित होऊन पक्षाघात झालेला रुग्ण जगण्याची आणि त्याच्या गमावलेल्या शक्ती परत येण्याची शक्यता वर्तवणे. बोलीभाषेत या आजाराला लकवा, अर्धांगवायू किंवा ‘अंगावरून वारे जाणे’ म्हणतात. रुग्णालयांत ‘स्ट्रोक’ हा शब्द रूढ आहे. मेंदूतील रक्तवाहिनी फुटून होणारा रक्तस्रावी पक्षाघात हा वेगळा प्रकार असून त्याचे पूर्वानुमानही वेगळे असते. पक्षाघाताच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे चार-पंचमांश रुग्ण अरक्तताजन्य प्रकारचे असतात.

रुग्णाचे नातेवाईक पहिल्याच दिवशी दोन प्रश्न विचारतात. माणूस वाचेल का, आणि वाचला तर पूर्वीसारखा होईल का? वैद्यकशास्त्रातही हे दोन प्रश्न स्वतंत्र मानले जातात. वयोवृद्ध आणि हृदयविकार असलेल्या रुग्णाचा झटका सौम्य असला तरी त्याच्या जिवाला धोका असू शकतो. उलट तीव्र झटका आलेला तरुण रुग्ण बचावतो, परंतु आयुष्यभर परावलंबी राहू शकतो.

पार्श्वभूमी

रक्तवाहिनी बंद झाल्यावर मेंदूच्या ज्या भागाला रक्त अजिबात मिळत नाही, त्यातील चेतापेशी काही मिनिटांतच मरू लागतात. या मृत गाभ्याभोवती आजूबाजूच्या वाहिन्यांकडून थोडेफार रक्त मिळणारा एक पट्टा असतो. त्यातील पेशींचे काम थांबलेले असते, पण त्या जिवंत असतात. या पट्ट्याला उपच्छाया म्हणतात. मोठी रक्तवाहिनी बंद होऊन उपचार मिळाले नाहीत, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. अर्थात हा सरासरीचा हिशेब आहे. पर्यायी वाहिन्यांचे जाळे चांगले असलेल्या रुग्णांत उपच्छाया कित्येक तास टिकते, तर काहींत ती तासाभरातच संपते. एकाच वाहिनीत सारखीच गुठळी असलेल्या दोन रुग्णांची पुढील वाटचाल इतकी भिन्न का होते, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे मिळते.

पुढील काळातील सुधारणा तीन मार्गांनी होते. रक्तपुरवठा सुरू झाल्यावर उपच्छायेतील पेशी पुन्हा काम करू लागतात, मेंदूची सूज ओसरते आणि शाबूत राहिलेल्या भागांत नव्या चेताजोडण्या तयार होतात. पहिल्या दोन मार्गांचा परिणाम काही दिवसांत दिसतो. तिसऱ्याला आठवडे आणि महिने लागतात.

परिणाम मोजण्याची पद्धत

‘बरा झाला’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक जण आपल्या परीने लावतो, म्हणून संशोधनात सुधारित रँकिन श्रेणी वापरतात. ग्लासगो येथील डॉक्टर जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या श्रेणीचे हे नंतरचे रूप आहे. तीत शून्य म्हणजे कोणतेही लक्षण नाही. १ म्हणजे लक्षणे आहेत, पण नित्याची सर्व कामे जमतात. २ मध्ये पूर्वीची काही कामे सुटलेली असतात, तरी स्वतःचे सर्व काही स्वतः करता येते. ३ मध्ये मदत लागते, पण चालता येते. ४ मध्ये मदतीवाचून चालता येत नाही. ५ म्हणजे अंथरुणास खिळलेली अवस्था आणि ६ म्हणजे मृत्यू. झटक्यानंतर ९० दिवसांनी रुग्ण ० ते २ या पायऱ्यांवर असल्यास त्याचा परिणाम ‘चांगला’ समजण्याचा प्रघात आहे.

ही श्रेणी प्रामुख्याने चालणे आणि स्वावलंबन मोजते. दुसऱ्या पायरीवरचा रुग्ण घरात हिंडतो, जेवतो, आंघोळ करतो. परंतु त्याला वर्तमानपत्र वाचता येत नसेल किंवा नातवाचे नाव आठवत नसेल, तर श्रेणीत त्याची फारशी नोंद होत नाही. अहवालात ‘चांगला परिणाम’ असे वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

मृत्यूची शक्यता

पहिल्या आठवड्यातील मृत्यू मुख्यतः मेंदूच्या सुजेमुळे होतात. ही सूज साधारणपणे दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान सर्वाधिक असते. त्यानंतरच्या आठवड्यांत फुप्फुसदाह, पायांतील गुठळी सुटून फुप्फुसात अडकणे आणि हृदयविकार ही कारणे पुढे येतात. फुप्फुसदाहाचे मूळ पुष्कळदा गिळण्याच्या बिघाडात असते; अन्नपाणी श्वासनलिकेत उतरते. म्हणूनच गिळण्याची चाचणी होईपर्यंत रुग्णाच्या तोंडात पाण्याचा घोटही न घालण्याचा नियम आहे. घरची माणसे मायेपोटी नेमके हेच करू पाहतात.

मेंदूचा कोणता भाग आणि किती प्रमाणात बाधित झाला, यावर मृत्यूचे प्रमाण अवलंबून असते. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर सामुदायिक पक्षाघात प्रकल्पाने केवळ लक्षणांवरून रुग्णांचे चार गट पाडले. जॉन बॅमफर्ड आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. मेंदूच्या पुढील रक्ताभिसरणाचा संपूर्ण प्रदेश बाधित झालेल्या गटात एका वर्षात ६० टक्के रुग्ण दगावले. त्याच प्रदेशाचा काही अंश बाधित असलेल्यांत हे प्रमाण १६ टक्के होते, मागील रक्ताभिसरणाच्या गटात १९ टक्के आणि खोलवरच्या सूक्ष्म वाहिन्यांच्या गटात ११ टक्के. ‘पक्षाघात’ हे नाव एकच असले, तरी त्याच्या पोटात किती निरनिराळे आजार आहेत, याची कल्पना या आकड्यांवरून येते. मात्र हे आकडे गुठळी काढण्याचे आधुनिक उपचार उपलब्ध होण्यापूर्वीचे आहेत. आजच्या रुग्णाला ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

पहिला महिना उलटल्यावर धोका कमी होतो, पण पूर्णपणे जात नाही. पुढील वर्षांतील मृत्यूंमागे हृदयविकार आणि पुन्हा येणारा पक्षाघात ही मोठी कारणे असतात. अनेक अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये मांडलेल्या विश्लेषणानुसार पहिल्या वर्षात सुमारे ११ टक्के आणि पाच वर्षांत सुमारे २६ टक्के रुग्णांना पुन्हा झटका आला. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित स्पंदन, यांवर उपचार झाल्यास हे प्रमाण घटते.

पूर्वानुमानाचे मुख्य घटक

वय आणि झटक्याची सुरुवातीची तीव्रता हे दोन घटक सर्वांत प्रभावी ठरले आहेत. इतर घटक त्यात भर घालतात, पण या दोघांना मागे टाकत नाहीत. तीव्रता मोजण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची पक्षाघात मापश्रेणी जगभर वापरली जाते. तीत शुद्धी, नजर, चेहरा, हातपाय, संवेदना, बोलणे इत्यादी बाबी तपासून ० ते ४२ गुण देतात. येथे गुण जितके जास्त तितकी स्थिती वाईट, हे परीक्षेच्या गुणांना सरावलेल्या वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात ६ किंवा त्याहून कमी गुण असलेल्यांची सुधारणा चांगली होण्याचा संभव दिसला, तर १६ किंवा त्याहून अधिक गुण असलेल्यांत मृत्यू किंवा गंभीर अपंगत्वाचा संभव मोठा होता. प्रत्येक वाढीव गुणामागे तीन महिन्यांनी उत्तम स्थितीत असण्याची शक्यता १७ टक्क्यांनी घटत होती.

या मापश्रेणीतही एक झुकाव आहे. ४२ पैकी ७ गुण थेट भाषेशी निगडित आहेत, परंतु शरीराच्या किंवा परिसराच्या एका बाजूचे भानच हरपणे या लक्षणाला फक्त २ गुण आहेत. भाषेची केंद्रे बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतात. त्यामुळे उजव्या गोलार्धातील मोठ्या इजेलाही तुलनेने कमी गुण मिळतात आणि तिचे गांभीर्य कागदावर कमी दिसते.

मेंदूच्या सी.टी. स्कॅनवरील इजेचा विस्तार मोजण्यासाठी कॅनडातील संशोधकांनी २००० साली दहा गुणांची पद्धत मांडली. तीत निरोगी मेंदूला १० गुण असतात आणि बाधित दिसणाऱ्या प्रत्येक ठरावीक भागामागे एक गुण वजा होतो. यांशिवाय रक्तातील साखर, आधीचे आजार आणि झटक्यापूर्वीचे स्वावलंबन यांचाही विचार होतो. झटका येण्याआधीच काठी टेकत चालणारी व्यक्ती झटक्यानंतर काठीशिवाय चालेल, अशी अपेक्षा धरता येत नाही.

हे घटक एकत्र करून अनेक गुणतक्ते तयार झाले आहेत. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे तयार झालेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला ॲस्ट्रल तक्ता त्याच्या सुटसुटीतपणामुळे उल्लेखनीय आहे. त्यात दर पाच वर्षे वयामागे एक गुण आणि वरील मापश्रेणीच्या प्रत्येक गुणामागे एक गुण मोजतात. रुग्णालयात पोहोचण्यास तीन तासांहून अधिक उशीर झाल्यास २, दृष्टिक्षेत्रात दोष असल्यास २, साखर फार कमी वा जास्त असल्यास १ आणि शुद्धी कमी असल्यास ३ गुण मिळवतात. उदाहरणार्थ, ७० वर्षांच्या रुग्णाला वयाचे १४ गुण मिळतील. मापश्रेणीवर त्याचे १२ गुण असून तो चार तासांनी पोहोचला असेल आणि त्याच्या दृष्टिक्षेत्रात दोष असेल, तर बेरीज ३० होते. ३१ या बेरजेला तीन महिन्यांनी परावलंबी असण्याची किंवा मृत्यूची शक्यता सुमारे ५० टक्के असते. म्हणजे या रुग्णाबाबत तक्ता जवळजवळ नाणेफेकीइतकेच सांगतो. तक्त्यांचे बोलणे दोन्ही टोकांना ठाम असते. बहुसंख्य कठीण प्रसंग मात्र मधल्या पट्ट्यात मोडतात.

उपचारांचा परिणाम

पूर्वानुमान हे दिलेल्या उपचारांवरही अवलंबून असते. अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या तीन तासांत दिल्यास अपंगत्व घटते, हे १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीने दाखवले. २००८ मधील युरोपीय चाचणीनंतर ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. मोठ्या वाहिनीतील गुठळी मांडीतून घातलेल्या नळीद्वारे बाहेर काढण्याची पद्धत २०१४-१५ मधील पाच चाचण्यांनी सिद्ध केली. त्यांच्या एकत्रित विश्लेषणानुसार साधारण अडीच ते तीन रुग्णांवर हा उपचार केला असता त्यांपैकी एकाचे अपंगत्व रँकिन श्रेणीवर निदान एका पायरीने कमी होते. २०१८ मध्ये दोन चाचण्यांनी निवडक रुग्णांत ही मुदत १६ ते २४ तासांपर्यंत नेली. असा उपचार झालेल्या रुग्णाबाबत दाखल होतानाच्या गुणांपेक्षा २४ तासांनंतरचे गुण अधिक विश्वसनीय अंदाज देतात.

हातापायांची सुधारणा

या विषयातील सर्वांत उपयुक्त संशोधन कदाचित सर्वांत साधेही आहे. नेदरलँड्समधील एका अभ्यासात झटक्यानंतर ७२ तासांच्या आत दोनच गोष्टी पाहिल्या गेल्या. रुग्णाला बाधित हाताची बोटे थोडी तरी सरळ करता येतात का, आणि तो हात खांद्यातून बाजूला उचलता येतो का? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही हालचाली करू शकणाऱ्यांपैकी ९८ टक्के जणांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परतण्याची शक्यता होती. दोन्ही न जमणाऱ्यांत ही शक्यता २५ टक्के होती आणि नवव्या दिवशीही दोन्ही न जमल्यास १४ टक्के. चालण्याबाबतही असेच आढळले. ७२ तासांत आधाराविना बसता येणाऱ्या आणि बाधित पायात थोडे बळ असलेल्या रुग्णांत सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे चालण्याची शक्यता ९८ टक्के होती. दोन्ही नसल्यास ती २७ टक्के होती आणि नवव्या दिवसापर्यंत तीच स्थिती राहिल्यास १० टक्के.

बोटे मिटण्यापेक्षा उघडण्याला एवढे महत्त्व का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. बोटे सरळ करण्याची क्रिया मेंदूच्या बाह्यकापासून मेरुरज्जूकडे उतरणाऱ्या चालक चेतामार्गावर विशेषत्वाने अवलंबून असते. ती हालचाल दिसली, म्हणजे त्या मार्गाचा काही भाग शाबूत आहे. मूठ आवळली जाणे मात्र नुसत्या ताठरपणामुळेही घडते. ‘हात धरल्यावर त्यांनी घट्ट पकडला’ या नातेवाइकांच्या आनंददायक निरीक्षणाचे पूर्वानुमानातील मूल्य म्हणूनच मर्यादित आहे.

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील कॅथी स्टिनिअर आणि सहकाऱ्यांनी याच दोन हालचालींवर आधारित प्रेप-२ ही पद्धत २०१७ मध्ये मांडली. तिसऱ्या दिवशी दोन्ही हालचालींना मिळून १० पैकी ५ किंवा अधिक गुण मिळाले, तर वय पाहून अंदाज देता येतो. कमी गुण मिळालेल्यांच्या मेंदूला कवटीबाहेरून चुंबकीय उद्दीपन देऊन हाताच्या स्नायूंत प्रतिसाद उमटतो का, हे तपासतात. प्रतिसाद मिळाला, तर हात आज निर्जीव दिसत असूनही चांगल्या सुधारणेची आशा ठेवता येते. या पद्धतीचा अंदाज सुमारे ७५ टक्के रुग्णांत बरोबर ठरला. चौथा रुग्ण मात्र अंदाजाबाहेर जातो.

सुधारणेला किती काळ लागतो, याचे उत्तर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोपनहेगन पक्षाघात अभ्यासाने दिले. ११९७ रुग्णांच्या या अभ्यासात दैनंदिन कामांतील सर्वोत्तम पातळी ९५ टक्के रुग्णांनी सुमारे १३ आठवड्यांत गाठली. सौम्य गटाला सुमारे साडेआठ, तर अतितीव्र गटाला २० आठवडे लागले. येथूनच ‘तीन-सहा महिन्यांत जे यायचे ते येते, पुढे काही नाही’ हा समज पसरला असावा. तो अर्धाच खरा आहे. सुधारणेचा वेग मंदावतो, हे निश्चित. परंतु जर्मनीत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ वाचाघात असलेल्या रुग्णांना तीन आठवडे सघन वाचोपचार दिल्यावर त्यांच्या दैनंदिन संभाषणात मोजता येण्याजोगी सुधारणा झाली.

अलीकडे एका सिद्धांताची बरीच चर्चा झाली. बहुतेक रुग्ण आपल्या गमावलेल्या चालकशक्तीचा सुमारे ७० टक्के भाग परत मिळवतात, असे २००८ पासून मांडले जात होते. या ठरावीक प्रमाणाने अनेक संशोधक भारावून गेले. २०१९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले, की सुरुवातीची स्थिती आणि झालेला बदल यांची ज्या रीतीने तुलना केली जाते, त्या गणितातूनच असा भक्कम दिसणारा संबंध उद्‌भवू शकतो. त्यामुळे ‘७० टक्क्यांचा नियम’ एकेका रुग्णाला लावणे आता योग्य मानले जात नाही.

भाषा आणि बुद्धी

वाचाघाताचे पूर्वानुमान हातापायांच्या तुलनेत अधिक अनिश्चित आहे. सुरुवातीची तीव्रता आणि इजेचे स्थान व आकार हेच मुख्य आधार आहेत. द्विभाषिकतेविषयी हैदराबादच्या निझाम आयुर्विज्ञान संस्थेतील सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांचा ६०८ रुग्णांचा अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात झटक्यानंतर बौद्धिक क्षमता सामान्य राहिलेल्यांचे प्रमाण द्विभाषिकांत ४०.५ टक्के, तर एकभाषिकांत १९.६ टक्के आढळले. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही. दोन भाषा येण्याने वाणी वाचते, असा अर्थ यातून काढणे चुकीचे ठरेल.

पूर्वानुमानाच्या मर्यादा

‘७० टक्के शक्यता’ हे विधान समूहाविषयीचे असते. तशा शंभर रुग्णांपैकी सुमारे सत्तर सावरतील, एवढाच त्याचा अर्थ. समोरचा रुग्ण सत्तरांत आहे की तिसांत, हे त्यातून कळत नाही. अनुभवी डॉक्टरांचे अंदाजही डळमळीत असतात. कॅनडातील गुस्ताव्हो सपोस्निक आणि सहकाऱ्यांच्या २०१३ मधील अभ्यासात १११ चिकित्सकांपुढे रुग्णांची वर्णने ठेवून अंदाज मागवले. रुग्णालयातून घरी जातेवेळच्या मृत्यू किंवा अपंगत्वाबाबत साधारण सहापैकी एकच अंदाज प्रत्यक्ष आकड्यांच्या स्वीकारार्ह मर्यादेत होता.

याहून गंभीर धोका स्वतःला खरे करणाऱ्या भाकिताचा आहे. रुग्ण वाचणार नाही असे ठरवून उपचार आवरते घेतले, की तो दगावतो आणि भाकीत बरोबर ठरल्याची नोंद होते. तीच नोंद पुढच्या तक्त्याचा आधार बनते. रक्तस्रावी पक्षाघाताबाबत हा दोष विशेष अभ्यासला गेला. म्हणून त्या आजारात, आधीपासून तशी इच्छा नोंदवलेली नसल्यास, पुनरुज्जीवन न करण्याचा नवा निर्णय किमान दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत लांबणीवर टाकावा, असा सल्ला अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत दिला गेला.

अरक्तताजन्य पक्षाघातात हा पेच सर्वांत तीव्रपणे जाणवतो तो कवटीचा काही भाग काढून सुजलेल्या मेंदूला जागा करून देणाऱ्या शस्त्रक्रियेबाबत. ६० वर्षांपर्यंतच्या रुग्णांवरील तीन युरोपीय चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७८ टक्के रुग्ण वर्षानंतर जिवंत होते. शस्त्रक्रिया न झालेल्यांत हे प्रमाण २९ टक्के होते. मात्र रँकिन श्रेणीच्या चौथ्या पायरीवर, म्हणजे मदतीवाचून चालता न येणाऱ्या अवस्थेत, राहिलेल्यांचे प्रमाण २ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर गेले. तिसऱ्या किंवा त्याहून चांगल्या पायरीवर पोहोचलेले २१ टक्क्यांवरून ४३ टक्के झाले. साठीपुढील रुग्णांच्या २०१४ मधील चाचणीत मृत्यू ७० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आले, पण ० ते २ या पायऱ्यांवर एकही रुग्ण पोहोचला नाही. चौथ्या पायरीचे आयुष्य स्वीकारार्ह आहे का, याचे उत्तर कोणताही तक्ता देऊ शकत नाही. निर्णय काही तासांत घ्यायचा असतो आणि ज्याच्याविषयी घ्यायचा, तो बहुधा बोलण्याच्या अवस्थेत नसतो. गंभीर अपंगत्व असलेल्या व्यक्तींविषयी अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांनी आपल्या जीवनाचा दर्जा चांगला किंवा उत्कृष्ट असल्याचे सांगितले होते. धडधाकट माणसे त्या आयुष्याची जी कल्पना करतात, तिच्याशी हे जुळत नाही.

भारतातील स्थिती

मुंबईत प्र. म. दलाल आणि सहकाऱ्यांनी २००५-०६ मध्ये केलेल्या लोकसंख्याधारित पाहणीत पक्षाघाताच्या सर्व प्रकारांतील रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के २८ दिवसांच्या आत दगावले. प्रचलित गुणतक्ते मात्र बहुतांशी युरोप आणि उत्तर अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवर बेतलेले आहेत. तेथील रुग्णांना पक्षाघात विभागात प्रशिक्षित परिचारिका, भौतिकोपचार आणि वाचोपचार सलग मिळतात. त्यांचे आकडे येथे वापरताना येथील नोंदींशी पडताळून पाहणे आवश्यक आहे.

घरी गेल्यावर रुग्णाची शुश्रूषा आपल्याकडे बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी करते. कुटुंबीयांना व्यायाम शिकवून घरीच पुनर्वसन करता येईल का, हे तपासण्यासाठी १४ भारतीय रुग्णालयांत १२५० रुग्णांची ‘अटेंड’ चाचणी झाली. २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन या परिणामाचे प्रमाण प्रशिक्षित कुटुंबांत ४७ टक्के आणि नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांतही ४७ टक्केच होते. अपेक्षित लाभ न दिसल्यामुळे व्यावसायिक पुनर्वसनाला घरच्यांचे प्रशिक्षण हा पर्याय समजता येत नाही.

चुंबकीय उद्दीपनासारखी साधने तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाहीत. बोटे उघडणे, खांदा उचलणे आणि आधाराविना बसणे या तपासण्यांना मात्र कोणतेही यंत्र लागत नाही. नेदरलँड्समधील अभ्यासात त्या पाचव्या आणि नवव्या दिवशी पुन्हा केल्या गेल्या होत्या.